घर पडले की जळाले? सान फ्रान्सिस्को येथील १९०६ चे विमा-दावे आणि इतिहासाचा पुरावा

१. विषयप्रवेश

मोठ्या आपत्तींचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साधारणतः दोन गोष्टींकडे जाते. आपत्तीचे स्वरूप व व्याप्ती ही पहिली, आणि तिच्या निवारणार्थ शासनाने योजिलेले उपाय ही दुसरी. या दोहोंच्या दरम्यान आणखी एक व्यवहार घडत असतो व तो बहुधा दुर्लक्षित राहतो. ज्याचे घर गेले तो गृहस्थ आपले विमापत्र घेऊन कंपनीच्या दाराशी उभा राहतो आणि कराराप्रमाणे नुकसानभरपाई मागतो. ही मागणी वरकरणी पैशाची दिसते. परंतु ती मान्य होण्यासाठी काय घडले, कोणत्या क्रमाने घडले व कशामुळे घडले, हे त्याला शपथेवर सांगावे लागते. म्हणजे विम्याचा दावा हे घडलेल्या घटनेचे एक निवेदनच असते.

अशी हजारो निवेदने एकाच शहरात, एकाच घटनेविषयी आणि एकाच वेळी लिहिली जातात तेव्हा त्यांतून इतिहासाच्या साधनांचा एक मोठा साठा तयार होतो. तो वाचताना मात्र एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे असते. ज्या उत्तरावर घर पुन्हा उभे राहणे अवलंबून आहे, ते उत्तर देणारा मनुष्य तटस्थ साक्षीदार नसतो. आणि ज्या उत्तरावर कंपनीचे भांडवल टिकणे अवलंबून आहे, ते उत्तर तपासणारा अधिकारीही तटस्थ नसतो. अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहरात १९०६ साली झालेला भूकंप व त्यामागून लागलेली आग हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तेथे प्रत्येक दाव्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : घर आधी पडले की आधी जळाले?

२. घटना

१९०६ साली सान फ्रान्सिस्कोची लोकवस्ती सुमारे चार लाख होती. बहुसंख्य घरे लाकडी होती, वस्ती दाट होती व समुद्रावरील वारे जोराचे असत. आगविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने ऑक्टोबर १९०५ मध्ये या शहराविषयी जो अहवाल दिला त्यात हे शहर आजवर जळून गेले नाही हेच आश्चर्य असून त्याचे श्रेय मुख्यतः अग्निशामक दलाच्या दक्षतेला आहे, अशा आशयाचा अभिप्राय नोंदविलेला होता. कंपन्यांना धोका ठाऊक होता. तरीही स्पर्धेमुळे त्यांनी तेथे मोठ्या प्रमाणावर विमे उतरविले होते.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. आधुनिक गणनेनुसार त्याची तीव्रता सुमारे ७.९ मानली जाते. भरावाच्या जमिनीवरील अनेक इमारती कोसळल्या, धुराडी ढासळली, वायूच्या नळ्या फुटल्या आणि पाण्याचे मुख्य नळही तुटले. अग्निशामक दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन हे जबर जखमी झाले व चार दिवसांनी मरण पावले. निरनिराळ्या ठिकाणी आगी लागल्या. त्या विझविण्यास पाणी नव्हते. सकाळी दहाच्या सुमारास हेज व्हॅली भागातील एका घरात न्याहारीसाठी चूल पेटविली गेली. त्या घराचे धुराडे भूकंपाने निकामी झाले होते. तेथून भडकलेली आग 'हॅम अँड एग्ज'ची आग या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. आगीचा मार्ग तोडण्यासाठी सैन्याने सुरुंगाच्या दारूने इमारती उडविल्या. त्यातूनही काही ठिकाणी नव्या आगी पसरल्या.

तीन दिवसांहून अधिक काळ शहर जळत राहिले. सुमारे ४.७ चौरस मैलांचा प्रदेश व २८,००० इमारती नष्ट झाल्या आणि सुमारे २,२५,००० लोक बेघर झाले. विमा उतरविलेल्या मालमत्तेचे नुकसान सुमारे २३.५ कोटी डॉलर असल्याचा अंदाज करण्यात आला. यातील अर्ध्याच्या आसपास जबाबदारी ब्रिटिश कंपन्यांवर होती.

नाशाचा बराच मोठा भाग आगीने घडला, याविषयी दुमत नाही. परंतु आग लागली ती भूकंपामुळे, आणि पसरली तीही भूकंपाने पाण्याचे नळ तोडल्यामुळे. कारण व कार्य यांची ही साखळी विमापत्रातील शब्दांत बसवावयाची होती.

३. विमापत्रातील शब्द

त्या काळी अमेरिकेत प्रचलित असलेल्या आगविम्याच्या विमापत्रांवर न्यूयॉर्क राज्याने १८८६ साली ठरविलेल्या प्रमाणित नमुन्याचा मोठा प्रभाव होता. या नमुन्यात विमेदाराची कर्तव्ये क्रमवार सांगितलेली होती. आग लागताच कंपनीला लेखी सूचना देणे, उरलेल्या मालाचे रक्षण करणे, नुकसान झालेला व न झालेला माल वेगळा काढून त्याची यादी करणे, आणि आगीनंतर ६० दिवसांच्या आत शपथेवर नुकसानीचा पुरावा सादर करणे ही त्यांतील प्रमुख होत. आग कशी लागली याविषयीची आपली माहितीही विमेदाराने या निवेदनात द्यावयाची होती. रकमेविषयी मतभेद झाल्यास दोन्ही पक्षांनी एकेक मूल्यमापक नेमावा व त्या दोघांनी एक पंच निवडावा, अशी व्यवस्था होती. न्यायालयात जावयाचे झाल्यास बारा महिन्यांची मुदत होती.

वादाला कारण झाली ती मात्र अपवादाची कलमे. त्यांचे तीन प्रकार सांगता येतील. पहिले 'पडलेल्या इमारती'चे कलम. इमारत किंवा तिचा कोणताही भाग आगीखेरीज अन्य कारणाने पडला, तर त्या इमारतीवरील व तिच्यातील वस्तूंवरील विमा तत्क्षणी संपुष्टात येईल, असे त्यात म्हटलेले होते. दुसरे, मुलकी अधिकाऱ्यांच्या हुकुमाने किंवा स्फोटाने झालेल्या नुकसानीसंबंधीचे. मुलकी हुकुमाने झालेली हानी त्यात वगळली होती आणि स्फोटामागून आग लागल्यास केवळ आगीच्या नुकसानीपुरती जबाबदारी मान्य केली होती. तिसरे कलम प्रमाणित नमुन्यात नव्हते. काही कंपन्यांनी ते आपल्या विमापत्रात स्वतंत्रपणे घातले होते. भूकंपामुळे उद्भवलेल्या हानीची जबाबदारी त्यान्वये नाकारण्यात आली होती.

या तीन कलमांमुळे एकाच रस्त्यावरील, एकाच आगीत जळालेल्या दोन शेजाऱ्यांची कायदेशीर स्थिती भिन्न झाली. ज्याच्या विमापत्रात भूकंपाचे कलम नव्हते त्याला 'माझे घर उभे असताना जळाले' एवढे म्हणणे पुरेसे होते. ज्याच्या विमापत्रात ते होते त्याला आपल्या घरापर्यंत आलेली आग भूकंपाचा परिणाम मानता येईल काय, या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. पहाटे भूकंप व्हावा, आग मैलभर अंतरावर लागावी, आणि ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आपल्या घराशी यावी, अशा स्थितीत भूकंप हे त्या नुकसानीचे निकट कारण ठरते की दूरचे, हा केवळ तर्कशास्त्राचा प्रश्न राहिला नाही.

४. दावा मांडण्यातील अडचणी

दावा मांडणाऱ्याची पहिली अडचण कागदपत्रांची होती. ज्या आगीने घर जाळले तिनेच घरातील विमापत्रही जाळले होते. कंपन्यांच्या शहरातील कचेऱ्याही भस्मसात झाल्या असल्यामुळे विमापत्राची स्थळप्रत तेथे मिळेना; पूर्वेकडील मुख्य कचेऱ्यांतून नोंदी मागवाव्या लागल्या. फायरमन्स फंड या कंपनीची मुख्य कचेरीच सान फ्रान्सिस्कोत होती. तिच्या बाबतीत असा आधारही दुबळा होता. पोलादी तिजोऱ्यांत ठेवलेले कागद वाचले असण्याचा संभव होता. परंतु तापलेली तिजोरी घाईने उघडली की हवा आत शिरून कागद पेट घेत, हे लोकांना अनुभवाने कळले. आपल्याच तिजोरीसमोर ती थंड होण्याची वाट पाहत दिवस काढण्याची पाळी अनेकांवर आली.

दुसरी अडचण मालकी सिद्ध करण्याची. शहराच्या दप्तरातील जमिनीच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या होत्या. त्यामुळे त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाला खास अधिवेशनात 'मॅकेनर्नी कायदा' करावा लागला व मालमत्तेवरील हक्क न्यायालयामार्फत नव्याने प्रस्थापित करण्याची सोय झाली. ज्याला जमिनीची मालकीच नव्याने शाबीत करावयाची आहे त्याने तिच्यावरील घराची किंमत साठ दिवसांत शपथेवर सांगावी, ही अपेक्षा किती कठीण होती, हे सहज ध्यानात येईल. १८ एप्रिलपासून मोजल्यास ही मुदत १७ जून रोजी पुरी होत होती.

तिसरी अडचण घरातील वस्तूंच्या यादीची. प्रमाणित नमुन्यानुसार प्रत्येक वस्तूचे प्रमाण व तिची किंमत सांगावयाची होती. घरातील सामानाची नोंद ठेवण्याची रीत कोणत्याही समाजात विरळाच असते. तंबूत राहणाऱ्या कुटुंबाने खाटा, भांडी, कपडे व शिवणयंत्र यांची यादी आठवून करावयाची आणि प्रत्येक वस्तू किती वर्षे वापरली हे सांगावयाचे, असा तो प्रसंग होता. स्मरणातून केलेली यादी चुकली तर ती चूक की लबाडी, याचा निर्णय नुकसान ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती होता. लबाडी ठरल्यास संपूर्ण विमापत्र रद्द होई, असे कलमही त्यात होते.

चौथी अडचण क्रमाची व म्हणून सर्वांत महत्त्वाची. घर भूकंपानंतर उभे होते, याची साक्ष कोण देणार? शेजारी विखुरले होते. कित्येक जण खाडीपलीकडे ओकलंडला, कित्येक जण दूरच्या गावी गेले होते. अशा वेळी छायाचित्रांना पुराव्याचे मोल आले. आर्नोल्ड गेन्थ या छायाचित्रकाराने १८ एप्रिल रोजी सॅक्रामेंटो रस्त्यावरून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. उताराच्या रस्त्याच्या टोकाशी धुराचे लोट उठलेले आहेत, लोक त्यांच्याकडे पाहत स्तब्ध उभे आहेत, आणि एका बाजूच्या घराची दर्शनी भिंत ढासळून रस्त्यावर पडलेली आहे. कलाभ्यासक हे छायाचित्र त्याच्या रचनेसाठी पाहतात. विमापत्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वेगळाच प्रश्न दिसू लागतो. भिंत पडली तेव्हा 'इमारतीचा भाग' पडला काय? पडला असल्यास त्या घराचा विमा आग पोहोचण्यापूर्वीच संपला होता. आणि नसल्यास तो अद्याप जिवंत होता. एकाच चित्रातून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा काढता आला असता.

न्यायालयांचा सर्वसाधारण दृष्टिकोन असा होता की, गिलावा किंवा धुराडे पडल्याने विमा संपत नाही. इमारतीचे इमारतपण जाईल असा महत्त्वाचा भाग पडला पाहिजे. शिवाय अपवादाचा आधार जो घेतो त्यानेच तो अपवाद शाबीत करावा, आणि विमापत्रातील संदिग्ध शब्दांचा अर्थ ते शब्द लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, ही तत्त्वे विमेदाराच्या बाजूची होती. ज्या शहरातील पंच स्वतःच विमेदार होते तेथे खटला लढविणे कंपन्यांनाही सुखावह नव्हते. परंतु ज्याच्याजवळ वकिलाला देण्यास पैसे व वाट पाहण्यास वेळ नव्हता, त्याला तत्त्वांचा उपयोग मर्यादित होता.

५. तडजोड

कंपन्यांपुढे दोन मार्ग होते. प्रत्येक दावा त्याच्या गुणदोषांवर तपासावा हा एक, आणि भूकंपाने झालेले नुकसान आगीच्या नुकसानीतून वेगळे काढता येत नाही असे गृहीत धरून सर्वच दाव्यांतून सरसकट काही भाग कापावा हा दुसरा. दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या कंपन्यांनी शेकडा २५ कपात सुचविली. डॉलरमागे ७५ सेंट देणाऱ्या या कंपन्यांना लोक 'सिक्स-बिट' म्हणू लागले. जुन्या बोलीत साडेबारा सेंटांना एक 'बिट' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. पूर्ण रक्कम देणाऱ्या कंपन्यांना 'डॉलरला डॉलर' असे नाव मिळाले. शहराच्या रोजच्या बोलण्यात ही दोन नावे रूढ झाली आणि कंपनीची पत त्यांवरून ठरू लागली.

सरसकट कपातीच्या सूचनेतील अन्याय उघड होता. ज्याचे घर भूकंपात तडासुद्धा न जाता उभे राहिले व तिसऱ्या दिवशी जळाले, त्याच्याकडूनही ज्याचे घर पहाटेच कोसळले होते त्याच्याइतकीच कपात घ्यावयाची होती. कंपन्यांची बाजूही सर्वस्वी पोकळ नव्हती. आगीने भूकंपाची सर्व चिन्हे पुसून टाकली होती. राखेतून पडझडीचा हिशेब काढणे अशक्य होते. भूकंपाच्या नुकसानीसाठी त्यांनी हप्ता घेतलेला नव्हता, हेही खरे होते. प्रश्न पुराव्याचा होता आणि पुरावा जळून गेला होता. अशा स्थितीत शाबितीची जबाबदारी कोणावर, यावरच पैशाचा ओघ ठरत होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक अल्बर्ट व्हिटनी यांनी १९०६ सालीच सान फ्रान्सिस्कोच्या व्यापारी मंडळासाठी कंपन्यांच्या वर्तनाचा तपशीलवार अहवाल तयार केला. कोणत्या कंपनीने किती दिले, किती तत्परतेने दिले व कोणत्या सबबीवर कापले, याची त्यात छाननी आहे. या विषयाच्या अभ्यासकाला आजही तो पायाभूत ग्रंथ वाटतो. एकंदरीत पाहता विमेदारांना देय रकमेचा फार मोठा भाग मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु सरासरीच्या आकड्याने विषमता झाकली जाते. काही कंपन्यांनी पूर्ण रक्कम दिली, काहींनी कपात केली. जर्मनी व ऑस्ट्रियातील काही कंपन्यांनी दायित्वच नाकारले. आणि काही कंपन्यांचे दिवाळे निघाले. फायरमन्स फंड कंपनीचे दायित्व तिच्या मालमत्तेपेक्षा मोठे होते. तिने दावेदारांशी तडजोड करून निम्मी रक्कम रोख व उरलेली निम्मी पुनर्घटित कंपनीच्या भागांच्या रूपाने दिली. ज्याने घर मागितले तो अशा रीतीने विमा कंपनीचा भागधारक झाला.

लंडनच्या लॉइड्स या संस्थेतील विमाव्यावसायिक कथबर्ट हीथ यांनी विमापत्रातील अटी काहीही असोत, सर्व विमेदारांना पूर्ण रक्कम द्यावी अशी आज्ञा आपल्या प्रतिनिधीला तारेने दिली, असे विमाव्यवसायाच्या परंपरेत आवर्जून सांगितले जाते. या कथेने लॉइड्सची अमेरिकेतील पत वाढली, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे जाहिरात व दातृत्व यांच्या सीमेवरची घटना म्हणून पाहावे. उदार तडजोड ही पुढील व्यवसायाची गुंतवणूकही असते.

लहान घरमालकांची स्थिती यापेक्षा वेगळी होती. तंबूतून बाहेर पडण्याची निकड असलेल्या कुटुंबाला आज मिळणारे ७५ सेंट उद्याच्या अनिश्चित डॉलरपेक्षा अधिक मोलाचे होते. मदत समितीने ५,६०० हून अधिक लहान लाकडी घरे बांधली व ती बेघरांना नाममात्र भाड्याने दिली. जळालेल्या प्रदेशात पुन्हा घर बांधणाऱ्यास बांधकामाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग, परंतु ५०० डॉलरच्या मर्यादेत, अनुदान म्हणून देण्याचीही योजना होती. भाडेकरूंचा तर बहुधा घराचा विमा असण्याचा प्रश्नच नव्हता. विम्याने शहर पुन्हा उभे केले असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ते मालमत्ता असणाऱ्यांच्या शहराविषयी अधिक खरे असते.

६. दाव्यांचे दूरवरचे परिणाम

सान फ्रान्सिस्कोतील घरमालकाच्या मागणीचे पडसाद लंडनच्या नाणेबाजारातही उमटले. ब्रिटिश कंपन्यांना दाव्यांची रक्कम भागविण्यासाठी १९०६ साली मोठ्या प्रमाणात पैसा अमेरिकेकडे पाठवावा लागला. सुवर्णचलनाच्या त्या काळात याचा अर्थ सोने समुद्रापार जाणे असा होता. आपला सुवर्णसाठा राखण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने त्याच वर्षीच्या शरदात आपला दर ६ टक्क्यांपर्यंत चढविला. केरी ओडेल व मार्क वायडेनमायर या अर्थेतिहासकारांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १९०७ च्या अमेरिकन आर्थिक अरिष्टाशी या घटनाक्रमाचा संबंध जोडून दाखविला आहे. अरिष्टाची अन्य कारणेही होती. तथापि एका शहरातील गृहविम्याचे दावे आंतरराष्ट्रीय पतव्यवस्थेला ताण देऊ शकतात, हे यावरून दिसून येते.

७. दाव्याची छाया इतिहासावर

आता मूळ प्रश्नाकडे वळणे युक्त होईल. आगीची भरपाई मिळते व भूकंपाची मिळत नाही, ही गोष्ट शहरात प्रत्येकाला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होती. सैन्याच्या संदेशविभागातील एका अधिकाऱ्याने नमूद केलेली हकीगत या दृष्टीने महत्त्वाची आहे. भूकंपाने मोडलेल्या घराचा विमा आगीवाचून मिळणार नाही असे समजल्याने आपल्या वस्तीतील लोक स्वतःच घरांना आग लावीत आहेत, असे एका अग्निशामकाने त्याला सांगितले. ही ऐकीव माहिती आहे व तिची व्याप्ती सांगता येत नाही. पण विमापत्रातील एक वाक्य आपत्तीच्या चालू घटनाक्रमातच हस्तक्षेप करू शकत होते, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

आपत्तीच्या नावावरही हाच दाब पडला. भूकंपाच्या आठवड्याभरातच शहरातील जमीन-घरांच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने या अरिष्टाचा उल्लेख 'मोठा भूकंप' असा न करता 'मोठी आग' असा करावा, असे ठरविले. यामागे विम्याखेरीज दुसरेही कारण होते. आग कोणत्याही शहराला लागू शकते. भूकंप मात्र त्या भूमीचाच दोष ठरतो व भांडवल दूर पळते. गृहस्थाचा दावा आणि शहराची पत या दोहोंचे हित एकाच शब्दात सामावले होते. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन कॅस्पर ब्रॅनर यांनी १९१३ साली लिहून ठेविले आहे की, भूकंपाविषयी माहिती गोळा करण्यापासून व ती प्रसिद्ध करण्यापासून शास्त्रज्ञांना परावृत्त करण्याचे प्रयत्न तेव्हा झाले. अँड्र्यू लॉसन यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने १९०८ साली आपला प्रसिद्ध अहवाल पुरा केला, हे या वातावरणात विशेष मानावे लागेल.

मृतांच्या संख्येचा इतिहासही येथे आठवावा. सैन्याच्या १९०६ मधील अहवालात शहरातील मृतांचा आकडा ४९८ दिलेला आहे. ग्लॅडिस हॅन्सन यांनी अनेक वर्षे नावानिशी शोध घेऊन ही संख्या फारच अपुरी असल्याचे दाखवून दिले. १९८९ साली एमेट कॉन्डन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानंतर ३,००० किंवा त्याहून अधिक हा अंदाज सर्वसाधारणपणे स्वीकारला गेला. मृतांच्या न्यून गणनेचा विमा-दाव्यांशी थेट संबंध जोडता येत नाही. परंतु भूकंपाचे महत्त्व कमी करून आगीचे वाढविण्याची जी सर्वसाधारण प्रवृत्ती त्या वेळी निर्माण झाली, तिच्याशी ही गणना सुसंगत होती.

यावरून साधनांच्या वाचनासंबंधी काही सूत्रे हाती येतात. पहिले असे की, दाव्यातील विधान खोटे मानण्याचे कारण नाही, पण ते कोणत्या कलमाला उत्तर म्हणून लिहिले गेले हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. 'घर उभे होते' हे वाक्य पडलेल्या इमारतीच्या कलमाला दिलेले उत्तर आहे. ते घराच्या अवस्थेचे संपूर्ण वर्णन नव्हे. दुसरे असे की, ज्या गोष्टींवर पैसा अवलंबून नव्हता त्यांविषयी दाव्याच्या कागदांत मिळणारी माहिती अधिक विश्वसनीय असते. घरात किती खोल्या होत्या, शिवणयंत्र होते की नाही, पुस्तके किती होती, या तपशिलांतून १९०६ चे साधे घर जितके दिसते तितके अन्य साधनांतून क्वचितच दिसेल. अर्थात वस्तूंची किंमत हा पैशाचाच विषय असल्याने तेथे पुन्हा सावध राहिले पाहिजे. तिसरे असे की, ज्यांनी दावा केला नाही, म्हणजे भाडेकरू, रोजंदार व चिनी वस्तीतील असंख्य रहिवासी, त्यांची अनुपस्थिती हाही पुराव्याचाच एक भाग मानावा लागतो.

८. उत्तरकाल

कॅलिफोर्नियाने १९०९ साली आगविम्याच्या विमापत्राचा प्रमाणित नमुना कायद्याने ठरविला व कंपनीगणिक बदलणाऱ्या शब्दांना आळा घातला. तथापि १९०६ मधील भेद मिटला नाही. तो पक्का झाला. त्या राज्यात आजही भूकंपामागून लागलेल्या आगीचे नुकसान घराच्या आगविम्यात येते, आणि भूकंपाच्या धक्क्याने झालेल्या हानीसाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर खासगी कंपन्या घरांचे विमे देण्यास कचरू लागल्या, तेव्हा १९९६ मध्ये भूकंपविम्यासाठी वेगळे प्राधिकरण स्थापावे लागले. घर पडले की जळाले, हा प्रश्न तेथील घरमालकाने विमा घेतानाच सोडवून ठेवावा अशी अपेक्षा आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला याच प्रश्नाचे एक रूप परिचित आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर प्रथम आग लागली, मग दोन प्रचंड स्फोट झाले, आणि स्फोटांमागून मांडवी व आसपासच्या वस्तीत पुन्हा आगी लागल्या. आग, स्फोट व आग अशा या मालिकेत कोणते नुकसान कशामुळे झाले हे घरागणिक ठरवू गेल्यास सान फ्रान्सिस्कोचीच पुनरावृत्ती झाली असती. सरकारने त्याच वर्षी नुकसानभरपाईसाठी खास अध्यादेश काढला व प्रश्न खासगी कराराच्या कक्षेतून राज्याच्या कक्षेत आणला. कारणांची साखळी न्यायालयात उलगडण्याऐवजी तिचा भार सामाजिक मानण्याचा हा मार्ग होता. तो युद्धकाळात व एका विशिष्ट दुर्घटनेपुरता शक्य झाला, हेही विसरता येत नाही.

पुढे १ एप्रिल २०२१ पासून भारतात 'भारत गृह रक्षा' या नावाने घरांसाठी जे प्रमाणित विमापत्र सुरू झाले त्यात आग, स्फोट व भूकंप ही संकटे एकत्रच समाविष्ट केलेली आहेत. असे विमापत्र ज्याच्यापाशी आहे त्याला १९०६ च्या गृहस्थाप्रमाणे क्रम सिद्ध करीत बसावे लागणार नाही. परंतु कोयनेचा १९६७ चा व किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी सोसला, त्या ग्रामीण घरांच्या बाबतीत प्रश्न विमापत्रातील शब्दांचा नव्हता. तेथे घर पुन्हा उभारण्याचा भार शासन व समाज यांच्याकडेच आला. त्या घरांची मोजदाद पंचनाम्यांत झाली. पंचनामा हाही एका अर्थी दावाच होय. पूर्ण पडलेले घर व अंशतः पडलेले घर यांतील भेदावर मदतीची रक्कम ठरते तेव्हा तो भेद नोंदविणारा व नोंदवून घेणारा, दोघेही तटस्थ राहत नाहीत.

९. समारोप

सान फ्रान्सिस्कोतील दाव्यांचा अभ्यास केवळ विमाव्यवसायाच्या इतिहासापुरता मर्यादित नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. एका करारातील अपवादाच्या वाक्याने घरमालकाच्या साक्षीला आकार दिला, कंपन्यांच्या तडजोडीला रूप दिले, शहराच्या स्मृतीतील आपत्तीचे नाव बदलले, आणि दूरच्या नाणेबाजारालाही धक्का दिला. त्या वाक्यापुढे उभा असलेला मनुष्य बहुधा खोटे बोलत नव्हता. आपल्या आयुष्याची कमाई जिच्यात गेली त्या घराचा शेवट कसा झाला, हे त्याला विचारले गेले होते, आणि त्याच्या उत्तरासाठी विमापत्राने फक्त दोनच शब्द शिल्लक ठेवले होते : पडले किंवा जळाले. प्रत्यक्षात कित्येक घरांच्या वाट्याला दोन्ही आले होते. दाव्याच्या कागदात न मावलेले हे दुहेरी सत्य शोधून काढणे, हे आपत्तीच्या इतिहासकाराचे काम होय.